विकर, विष आणि वेळ

कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येते, हे नाशिक जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. पण एक गोष्ट पाहा. अख्खा कांदा हातात घेऊन कितीही वेळ बसलात, तरी डोळे चुरचुरत नाहीत. सुरी फिरली की मात्र लगेच पाणी येते. आणि तोच कांदा आधी चांगला उकडून घेतला व मग चिरला, तर काहीच होत नाही. याचा अर्थ काय? याचा अर्थ असा, की डोळ्यांना झोंबणारा पदार्थ कांद्यात तयार होऊन बसलेला नसतो. कांद्याच्या पेशीत एका खणात गंधक असलेले एक द्रव्य असते, आणि त्या द्रव्यावर काम करणारा कारागीर दुसऱ्या खणात असतो. सुरीने मधली भिंत तुटते, दोघांची गाठ पडते आणि काही सेकंदांत तो झोंबणारा पदार्थ तयार होऊन हवेत उडतो. खरे तर येथे कारागीर एक नाही, दोन आहेत. एकाचे अर्धवट झालेले काम दुसरा पुरे करतो. या दुसऱ्याचा पत्ता जपानी संशोधकांना २००२ साली लागला. कांदा उकडला म्हणजे हे कारागीर निकामी होतात, आणि थंडगार केला म्हणजे त्यांचा हात मंदावतो. म्हणून आपल्या गृहिणी कधी कधी कांदा थोडा वेळ गार पाण्यात टाकून मग चिरतात, त्यात शास्त्र आहे.

या कारागिराला इंग्रजीत एन्झाइम म्हणतात. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याला ‘विकर’ असा शब्द आहे, तोच मी आज वापरणार आहे. विकर हे बहुधा प्रथिनाचे बनलेले असते. ते स्वतः खर्ची पडत नाही. एका रेणूचे काम आटोपले की दुसरा रेणू हाती घेते. दुधाचे दही होते, आंबवण फुगते, खाल्लेली भाकरी पचते, नस स्नायूला हुकूम देते, या प्रत्येक ठिकाणी कुठले ना कुठले विकर राबत असते. किण्वाच्या, म्हणजे यीस्टच्या, जिवंत पेशीशिवाय साखरेची दारू होत नाही अशी एके काळी समजूत होती. एडुआर्ड बुख्नर या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ साली यीस्ट चिरडून त्याचा नुसता रस काढला आणि त्या रसातही साखर आंबते हे दाखवून दिले. पुढे १९२६ साली जेम्स समनर या अमेरिकन संशोधकाने आपल्या अबईच्या जातीतल्या एका शेंगेच्या दाण्यांतून युरिएज नावाचे विकर स्फटिकरूपात वेगळे केले. विकर म्हणजे काही गूढ जीवनशक्ती नव्हे, ती बाटलीत भरून ठेवता येण्याजोगी वस्तू आहे, हे तेव्हापासून पक्के झाले.

वस्तू म्हटली की मोजमाप आले. आजच्या भाषणाचा विषय हाच आहे: विकराचा वेग कसा ठरतो, आणि त्याच्या कामात कोणी आडवे आले तर काय होते. हा विषय महाविद्यालयात सूत्रांनी आणि आलेखांनी शिकवला जातो, आणि परीक्षा झाली की विद्यार्थी तो विसरून जातात. पण आपल्या द्राक्षबागेत, कापसाच्या शेतात आणि दवाखान्याच्या खाटेवर या सूत्रांचा रोज प्रत्यय येतो. म्हणून सूत्र बाजूला ठेवून ते मी एका ओळखीच्या दृश्यावरून सांगतो.

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव झाला, की ट्रॅक्टर भुईकाट्यावर जातो. समजा, हा काटा तासाला जास्तीत जास्त साठ ट्रॅक्टर तोलू शकतो. सकाळी तासाला पाचच ट्रॅक्टर आले, तर पाच तोलले जातील. दहा आले तर दहा. म्हणजे आवक दुप्पट झाली की कामही दुप्पट होते. पण दुपारी रांग फाटकाबाहेर गेली, की मग आणखी शंभर ट्रॅक्टर आणून उभे केले तरी काट्याचा वेग साठाच्या वर जात नाही. काटा भरून गेला. विकराचे अगदी असेच आहे. त्याच्या अंगावर एक खाच असते. ज्या रेणूवर काम करायचे तो रेणू त्या खाचेत बसतो, बदलतो आणि बाहेर पडतो. रेणू थोडे असतील तोवर वेग त्यांच्या संख्येप्रमाणे वाढतो. पुष्कळ झाले की खाचा सदा भरलेल्या राहतात, आणि वेग एका कमाल मर्यादेला टेकतो.

ही गोष्ट काटेकोर गणितात मांडली बर्लिन येथे १९१३ साली लिओनोर मायकेलिस आणि मॉड मेंटेन या दोघांनी. मेंटेनबाई कॅनडाच्या, शिक्षणाने डॉक्टर. त्यांनी प्रयोगासाठी घेतलेले विकर होते इन्व्हर्टेज, म्हणजे उसाच्या साखरेचे दोन तुकडे करणारे. ऊस तोडून शेतात वा गाडीत पडून राहिला की त्याचा उतारा घटतो, त्याला कारण असलेले एक विकर याच जातीचे. साखरेच्या द्रावातून विशिष्ट प्रकाश सोडला की तो किती वळतो, हे पाहून किती साखर शिल्लक आहे ते ओळखता येते. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतला रसायनतज्ज्ञ हेच करतो. मायकेलिस आणि मेंटेन यांनी ते मिनिटामिनिटाला मोजले. त्यांच्या गणितातून दोन आकडे निघतात. पहिला कमाल वेग. दुसरा, वेग त्या कमालीच्या निम्म्यावर यायला किती रेणू लागतात तो; याला मायकेलिसचा स्थिरांक म्हणतात. हा दुसरा आकडा लहान असेल तर समजावे, की विकराला तो रेणू फार प्रिय आहे, थोड्या रेणूंनीही ते कामाला लागते. मोठा असेल तर समजावे, की ओढ कमी आहे.

आता अडवणुकीकडे येऊ. भुईकाटा तीन तऱ्हांनी अडू शकतो. एक, रिकामे ट्रॅक्टर येऊन उगाच काट्यावर चढतात, थोडे थांबतात आणि उतरतात. अशा वेळी मालाचे ट्रॅक्टर फार मोठ्या संख्येने आले, तर रिकाम्यांना संधीच मिळणार नाही आणि काम पुन्हा पूर्ण वेगाने होईल. याला स्पर्धात्मक अडवणूक म्हणतात. दोन, काट्यावर जागा मोकळी आहे, पण आत केबिनमध्ये कुणी यंत्राची कळ दाबून धरली आहे. आता बाहेर कितीही माल आणा, उपयोग नाही. कमाल वेगच खाली आला. ही बिगरस्पर्धात्मक अडवणूक. आणि तीन, आस तुटलेला ट्रॅक्टर काट्यावर असा रुतला, की तो उतरतच नाही. तो काटा त्या दिवसापुरता गेलाच म्हणायचा. क्रेन आणा, नाहीतर नवा काटा बसवा. ही कायमची अडवणूक. हे तीन प्रकार ध्यानात ठेवा, कारण विषबाधा झालेल्या माणसाला काय द्यायचे आणि किती घाई करायची, हे यांतला कोणता प्रकार आहे यावर अवलंबून असते.

पहिल्या प्रकाराचे उदाहरण दुःखद आहे. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात विषारी दारू पिऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या दारूत मिथेनॉल होते, म्हणजे रंगाच्या आणि रसायनांच्या धंद्यात वापरला जाणारा अल्कोहोलचा भाऊबंद. गंमत अशी, की मिथेनॉल स्वतः फारसे विषारी नाही. आपल्या यकृतात दारू पचवणारे एक विकर आहे. ते मिथेनॉललाही खाचेत घेते आणि त्याचे फॉर्माल्डिहाइड करते. त्यापुढे दुसरे विकर त्याचे फॉर्मिक आम्ल बनवते, आणि खरे विष ते आम्ल आहे. तेच पुन्हा पेशीच्या श्वसनातले एक महत्त्वाचे विकर अडवते, आणि डोळ्यांच्या नसा आधी बळी पडतात. म्हणून अशा दारूने माणूस आंधळा होतो. म्हणजे शरीर आपल्याच कारागिराच्या हातून आपले विष तयार करवून घेते.

मग उपाय काय? त्या कारागिराला दुसऱ्या कामात गुंतवून ठेवायचे. साधे अल्कोहोल या विकराला मिथेनॉलपेक्षा कित्येक पटींनी अधिक प्रिय आहे. म्हणून रुग्णालयात डॉक्टर रक्तातले प्रमाण मोजत शुद्ध अल्कोहोल देतात, किंवा फोमेपिझोल नावाचे औषध देतात. ते तर त्या खाचेत आणखी घट्ट बसते. खाच भरलेली राहते, मिथेनॉल तसेच्या तसे मूत्रावाटे, श्वासावाटे आणि डायलिसिसने बाहेर काढायला सवड मिळते. स्पर्धात्मक अडवणूक येथे जीव वाचवते. मात्र हे ऐकून कुणी घरी दारूवर दारूचा उतारा करू जाल, तर ते भलतेच. प्रमाण, वेळ आणि रक्तातले आम्ल सांभाळणे हे रुग्णालयाचेच काम आहे, आणि तेथे पोचायला जितका उशीर तितके ते आम्ल अधिक साठलेले.

आता दारू पचण्याची दुसरी पायरी पाहू, कारण ती आपल्या द्राक्षबागेशी येऊन भिडते. दारूचे आधी ॲसिटाल्डिहाइड होते, आणि मग दुसरे विकर त्याचे निरुपद्रवी ॲसिटिक आम्ल करते. हे दुसरे विकर अडले तर ॲसिटाल्डिहाइड अंगात साठते. तोंड लालबुंद होते, छाती धडधडते, डोके ठणकते, ओकाऱ्या होतात, रक्तदाब घसरतो. हे कळले ते कारखान्यातल्या कामगारांमुळे. सायनामाइड हे रसायन हाताळणाऱ्यांना थोडी दारूही सोसत नाही, हे युरोपात पहिल्या महायुद्धाच्या सुमारासच दिसून आले होते. पुढे दारू सोडवण्यासाठी डायसल्फिराम नावाची गोळी निघाली, ती याच विकराला अडवते.

निफाड, दिंडोरी, पिंपळगाव या भागांतल्या बागायतदारांना सायनामाइडची ओळख वेगळ्या रूपाने आहे. आपल्याकडे द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची फळछाटणी. थंड देशांत हिवाळ्याच्या कडाक्याने वेल झोपते आणि मग सगळे डोळे एकदम फुटतात. आपल्याकडे तशी थंडी नाही, त्यामुळे डोळे मागेपुढे फुटतात आणि घड एकसारखे येत नाहीत. म्हणून फळछाटणीनंतर एकदोन दिवसांत काडीवरच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. ते वेलीतले कॅटलेज नावाचे विकर अडवते. कॅटलेजचे काम हायड्रोजन पेरॉक्साइडचा निचरा करणे. ते अडले की पेरॉक्साइड साठते, आणि त्या धक्क्याने डोळ्याची झोप मोडते, असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे आपले घड वेळेवर आणि सारखे येतात, ते एका विकराच्या अडवणुकीमुळे.

पण पेस्ट लावणाऱ्या मजुराच्या हाताला ते रसायन लागले, तर ते कातडीतून आत जाते आणि दारू पचवणाऱ्या त्या दुसऱ्या विकराला धरते. ही अडवणूक चटकन सुटणारी नाही. नवे विकर तयार व्हावे लागते, त्याला काही दिवस जातात. दिवसभर बागेत काम करून संध्याकाळी दोन घोट घेणाऱ्या माणसाला एकाएकी असा त्रास झाला, तर घरचे म्हणतात दारू बनावट असेल, डॉक्टर म्हणतात हृदयाचे काही असेल, आणि सकाळच्या पेस्टची आठवण कुणालाच राहत नाही. इटलीमध्ये २००२ ते २००४ या काळात अशा आजारांची नोंद झाली. युरोपीय संघाने २००८ साली सायनामाइडला आपल्या मान्य द्रव्यांच्या यादीत घेतले नाही, आणि त्यामागे काळजी होती ती ते हाताळणाऱ्याच्या प्रकृतीची. आपली द्राक्षे त्याच युरोपात जातात. फळावर अंश किती राहिला याची तपासणी आपण कसोशीने करून घेतो. लावणाऱ्याच्या हातात रबरी मोजे आहेत की नाहीत, ही तपासणी त्याआधीची आहे. त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस दारूला शिवू नये, हे त्याला कामावर लावतानाच सांगितले पाहिजे.

आता तिसऱ्या आणि सर्वांत गंभीर प्रकाराकडे येतो. आपली नस स्नायूला हुकूम देते तो ॲसिटिलकोलीन नावाच्या रेणूच्या हातून. हुकूम पोचला की तो रेणू ताबडतोब मोडून टाकावा लागतो, नाहीतर हुकूम चालूच राहील. हे मोडण्याचे काम ॲसिटिलकोलीनएस्टरेज हे विकर करते. त्याचा एक रेणू एका सेकंदात दहा हजारांहून अधिक रेणू मोडतो. विकरांच्या जगात इतका चपळ कारागीर क्वचितच सापडेल. आणि मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस ही सेंद्रिय फॉस्फरसवर्गीय कीटकनाशके नेमकी याच कारागिराचा हात धरतात. किडीतही हे विकर आहे, माणसातही आहे. खाच सारखीच असल्याने विषाला किडा कोणता आणि फवारणारा कोणता हे सहसा कळत नाही.

हे विकर अडले की हुकूम थांबत नाहीत. घाम, लाळ आणि डोळ्यांतले पाणी वाहू लागते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, छातीत घरघर लागते, स्नायू थरथरतात आणि अखेर श्वासाचे स्नायू थकतात. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ सालच्या पावसाळ्यात कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकरी व मजूर बाधित झाले आणि वीसहून अधिक दगावले. तेथे वापरात असलेल्या औषधांत मोनोक्रोटोफॉस आणि प्रोफेनोफॉस होती. कापूस डोक्याएवढा वाढलेला, हवा दमट, अंगावर सुती सदरा, आणि फवारा वरून अंगावर येणारा. विष पोटातून जावे लागले नाही. कातडी आणि श्वास पुरेसे होते.

येथे वेळेचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. कीटकनाशकांचे जवळचे दोन वर्ग आहेत. मिथोमिल, कार्बारिल हे कार्बामेट वर्गातले. ते विकराला चिकटतात, पण काही मिनिटांत वा तासांत आपोआप सुटतात. आपल्या काट्यावर जरा जास्त वेळ थांबून शेवटी उतरणारा ट्रॅक्टर तो हा. फॉस्फरसवर्गीय मात्र आपोआप सुटतात ते अगदी सावकाश, काही तर जवळजवळ नाहीतच. त्यांना ओढून काढणारी क्रेन आहे. तिचे नाव प्रॅलिडॉक्झिम. ते औषध १९५० नंतरच्या दशकात शोधले गेले. पण विकराला चिकटलेला फॉस्फरसचा तुकडा काही वेळाने आपला एक भाग टाकून देतो आणि मग असा घट्ट बसतो, की क्रेनही हात टेकते. शास्त्रात याला विकराचे ‘वार्धक्य’ म्हणतात. काही औषधांत हे थोड्या तासांत होते, काहींत दिवसभर लागतो. म्हणून ‘रात्र काढू, सकाळी पाहू’ हे येथे चालत नाही. सकाळपर्यंत सुटू शकणारी गाठ न सुटणारी झालेली असते.

दुसरे औषध ॲट्रोपीन. हे विकराला मोकळे करीत नाही. ते पलीकडे, जेथे हुकूम पोचतो, त्या दारातच जाऊन बसते, म्हणजे साठलेल्या ॲसिटिलकोलीनला आत शिरता येत नाही. येथे पुन्हा स्पर्धाच आहे: साठा जितका अधिक, तितके ॲट्रोपीन अधिक लागते. म्हणून डॉक्टर ते पुन्हा पुन्हा, छातीतली घरघर थांबेपर्यंत देतात. धोतऱ्यात याच कुळातली द्रव्ये असतात, पण झाडपाल्यातले प्रमाण कुणालाच ठाऊक नसते. तेव्हा तो मार्ग सोडून द्या.

आता एक गोष्ट, जी मला आजच्या भाषणात सर्वांत अधिक सांगायची आहे. पुष्कळ फवारणी करणारे म्हणतात, “मला या औषधाची सवय आहे, काही होत नाही.” विकराचा हिशेब काय म्हणतो ते पाहा. फॉस्फरसवर्गीय औषधाने रक्तातल्या तांबड्या पेशींवरचे हे विकर एकदा पक्के बांधले गेले, की ते त्या पेशीबरोबरच संपते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. म्हणजे दिवसाला साधारण शंभरातला एक भाग नवा होतो. जमेच्या बाजूला दिवसाला एक. आणि खर्चाच्या बाजूला एका फवारणीत दहा-पंधरा गेले तर? आठवड्याने पुन्हा फवारणी, पुन्हा तेवढेच. शरीराकडे या विकराचा साठा गरजेपेक्षा पुष्कळ जास्त असतो, म्हणून सुरुवातीला काहीच जाणवत नाही. हीच ती ‘सवय’. ही सवय नव्हे, शिलकीतून चाललेला खर्च आहे. शिल्लक संपत आली की मग नेहमीच्याच फवारणीने, नेहमीच्याच पंपाने, माणूस एक दिवस बांधावर कोसळतो. आणि लोक म्हणतात, कालपर्यंत तर धडधाकट होता.

ही शिल्लक मोजता येते. रक्तातल्या कोलीनएस्टरेजची तपासणी ही मोठ्या प्रयोगशाळांत होणारी तपासणी आहे. हंगामाच्या आधी एकदा आणि हंगाम चालू असताना पुन्हा ती केली, तर कोणाचा आकडा किती घसरला ते कळते. आधीचा आकडा यासाठी हवा, की माणसामाणसांत तो मुळातच कमीजास्त असतो. कुणाची घसरण झाली हे त्याच्याच जुन्या आकड्यावरून ओळखावे लागते. घसरण दिसली की त्या माणसाला फवारणीवरून काढून दुसरे काम द्यावे. बैलाला खांद्याला आवाळू आले तर आपण त्याला जू लावत नाही. तेवढाच हा विचार आहे.

श्रोतेहो, एवढे ऐकून विकराची अडवणूक म्हणजे केवळ विषाचा धंदा, असे मात्र समजू नका. पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला, आणि पेनिसिलिन आपल्या देशात तयार होऊ लागले. पेनिसिलिन काय करते? जंतूच्या अंगाची भिंत बांधणाऱ्या विकराला ते कायमचे अडवते. माणसाच्या पेशीला ती भिंतच नसते, म्हणून जंतू मरतो आणि रोगी जगतो. हृदयविकाराच्या रोग्याला रोज दिली जाणारी ॲस्पिरिनची लहानशी गोळी रक्त गोठवणाऱ्या कणिकांमधले एक विकर कायमचे अडवते. त्या कणिकांना नवे विकर बनवता येत नाही, आणि त्या आठ-दहा दिवस जगतात. म्हणून रोज थोडीशीच मात्रा पुरते. ज्या हिशेबाने फवारणी करणारा माणूस कोसळतो, त्याच हिशेबाने हा रोगी तगतो.

आपल्या भाषेत फवारणीच्या द्रव्याला आपण ‘औषध’च म्हणतो. “औषध मारायला गेलोय,” असे म्हणतो. तो शब्द अगदीच चुकीचा नाही. औषध आणि विष दोन्ही पुष्कळदा विकराला अडवूनच काम करतात. कोणाचे विकर अडवले, किती अडवले आणि किती वेळ अडवले, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर त्याला औषध म्हणायचे की विष, हे ठरते.

तेव्हा जाता जाता चार गोष्टी. डब्यावरचा रंगीत त्रिकोण पाहा. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. फवारणीत मोजे, मुखपट्टी आणि पूर्ण बाह्यांचे कपडे वापरा, वाऱ्याच्या तोंडी उभे राहू नका, आणि काम झाल्यावर आधी साबणाने अंघोळ, मग जेवण. कोणाला बाधा झाली तर कपडे उतरवून अंग धुवा, मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्याच्या भरीस पडू नका, आणि तडक दवाखाना गाठा. आणि जाताना औषधाचा डबा किंवा त्याचे लेबल बरोबर न्या. कार्बामेट की फॉस्फरस, हे डॉक्टरला त्या लेबलावरून कळते. आणि विकर आपोआप सुटेल की घड्याळाशी शर्यत लावावी लागेल, हेही त्यावरूनच ठरते.